७२९ माणसांच्या काउंटीत क्लेम ठोकताना

एस्मेराल्डा काउंटीत काम असतं म्हटलं की इथं रेनोत राहणारे मराठी लोकसुद्धा विचारतात की ही कुठे आली. नेवाडातच आहे, रेनो आणि लास वेगासच्या मधल्या पट्ट्यात, कॅलिफोर्नियाच्या हद्दीला लागून. क्षेत्रफळ साधारण ९,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गाच्या पावणेदोन पट, आणि २०२० च्या जनगणनेत माणसं ७२९. सिंधुदुर्ग हा महाराष्ट्रातला सगळ्यात कमी लोकसंख्येचा जिल्हा, तरी तिथं २०११ ला साडेआठ लाखाच्या आसपास लोक होते. इथं हिशोब केला तर एका माणसामागे बारा-तेरा चौरस किलोमीटर जमीन येते. नगरपालिका असलेलं एकही गाव नाही, हॉस्पिटल नाही, हायस्कूल नाही. गोल्डफील्ड, सिल्व्हर पीक आणि डायर अशा तीन ठिकाणी आठवीपर्यंत शाळा आहे, पुढे मुलं शेजारच्या नाय काउंटीत टोनोपाला जातात.

मी मूळची चंद्रपूरची, घरात वेकोलिची, म्हणजे सरकारी कोळसा खाण कंपनीची, नोकरी, त्यामुळे खाण म्हणजे काय हे लहानपणापासून डोळ्यासमोर होतं. जिऑलॉजी शिकले, इकडे आले आणि एका छोट्या कन्सल्टिंग कंपनीत लागले. आमचं काम म्हणजे लिथियम शोधणाऱ्या कंपन्यांसाठी जमीन बघायची, आधी कोणाचा हक्क आहे का ते तपासायचं आणि मोकळी असेल तर त्यांच्या नावाने मायनिंग क्लेम, म्हणजे खनिज काढायच्या हक्काचे दावे, ठोकून रजिस्टर करून द्यायचे. हे सगळं नेमकं कसं चालतं ते गावाकडची जिऑलॉजीची पोरं मला सारखं विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आपल्याकडे खनिज सरकारचं, लीज सरकार देणार, लिलाव होणार. इथं अजूनही १८७२ चा कायदा चालतो आणि पहिल्यांदा वाचला तेव्हा माझा विश्वासच बसेना. फेडरल सरकारची जी जमीन खाणकामासाठी खुली आहे तिथं अमेरिकन नागरिकाने, किंवा नागरिक व्हायचा इरादा कायदेशीररीत्या जाहीर केलेल्या माणसाने, किंवा इथं नोंदलेल्या कंपनीने जायचं, खनिज सापडलं असं दाखवायचं, खुंट रोवायचे, नोटीस लावायची आणि नोंदणी करायची, झाला क्लेम. जमिनीची मालकी मिळत नाही, खनिज काढायचा हक्क मिळतो. आणि सोनं, चांदी, लिथियम काहीही निघालं तरी या कायद्याखाली फेडरल सरकारला रॉयल्टी शून्य. पूर्वी पुढे जाऊन पेटंट, म्हणजे जमिनीच्या मालकीचा सरकारी दस्त, घेऊन जमीनच नावावर करता यायची, ते १९९४ पासून बंद ठेवलंय. मी स्वतः एच-वनबी वर आहे, त्यामुळे क्लेम माझ्या नावाने होऊच शकत नाही, मी फक्त कंपनीची एजंट म्हणून खुंटाजवळ उभी असते. एस्मेराल्डाची ९५ टक्क्यांहून जास्त जमीन फेडरल सरकारची आहे आणि बहुतेक बीएलएमकडे, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे, म्हणून क्लेमवाल्यांची नजर कायम इकडे.

सुरुवात होते रेनोत खुर्चीवर बसून. बीएलएमची ऑनलाइन सिस्टीम आहे, टाउनशिप, रेंज, सेक्शन, म्हणजे सरकारी मोजणीतल्या चौकटींचे नंबर, टाकायचे की त्या भागातले चालू क्लेम दिसतात. पण ती सिस्टीम ढोबळ सांगते, अमुक सेक्शनच्या अमुक पाव भागात अमुक क्लेम आहे एवढंच, त्याची रेघ जमिनीवर नक्की कुठून जाते ते मूळ नकाशावर बघावं लागतं आणि तो नकाशा काउंटीच्या रेकॉर्डरकडे, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, असतो. शिवाय जुन्या पेटंट घेतलेल्या, म्हणजे खाजगी झालेल्या जमिनी असतात, त्यांचे वारस कुठं कुठं पांगलेले, मधेच पाच-सात एकराची एखादी फट उरलेली. नकाशावर जो भाग कोरा दिसतो ना, तिथंच जास्त तपासावं लागतं. म्हणून मग गाडी काढायची आणि गोल्डफील्ड.

रेनोपासून जवळपास ४२० किलोमीटर. वॉकर लेकच्या काठाने हॉथॉर्न, मग लुनिंग, मिना, मग कोलडेल, जिथं आता फक्त बंद पडलेल्या इमारती आहेत. यूएस ९५ कोलडेलपाशी एस्मेराल्डात येतो, टोनोपासाठी नाय काउंटीत शिरतो आणि परत एस्मेराल्डात उतरतो. टोनोपाला पेट्रोलची टाकी फुल करायची, पाण्याचे कॅन भरायचे, मुक्कामही तिथंच करायचा कारण पुढे भरवसा नाही. टोनोपाचं हॉस्पिटल २०१५ मध्ये बंद पडलं, तेव्हापासून या भागात काही झालं तर हॉस्पिटल शंभर मैलांच्या पल्ल्यावर. आमच्या सेफ्टी प्लॅनमध्ये हे पहिल्या पानावर लिहिलेलं असतं आणि फील्डवर येणाऱ्या प्रत्येकाला मी ते मोठ्याने वाचायला लावते. मोबाइलला रेंज नसते, सॅटेलाइट मेसेंजर लागतो, एक नाही दोन स्टेपन्या लागतात कारण इथले दगड टायर कापतात.

गोल्डफील्डबद्दल थोडं थांबून लिहायलाच पाहिजे. १९०२ च्या शेवटी हॅरी स्टिमलर आणि विल्यम मार्श या दोघांना इथं सोनं सापडलं आणि पाच-सहा वर्षांत हे नेवाडातलं सगळ्यात मोठं शहर झालं, वीस हजारांच्या आसपास वस्ती होती म्हणतात. १९०६ मध्ये जो गान्स आणि बॅटलिंग नेल्सनची बॉक्सिंगची वर्ल्ड टायटल मॅच इथं झाली, ४२ राउंड चालली, गान्स जिंकला. गान्स कृष्णवर्णीय होता, त्या काळात, त्या गर्दीसमोर, हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. १९०७ मध्ये खाणमजुरांचा मोठा संघर्ष झाला, प्रेसिडेंट रूझवेल्टने थेट फौज पाठवली. १९०८ मध्ये दगड-विटांचं चार मजली हॉटेल उभं राहिलं. १९१० नंतर सोनं आटत गेलं, १९१३ मध्ये पूर आला आणि १९२३ मध्ये आग लागली, चोरून दारू गाळण्याच्या भट्टीतून पेटली असं सांगतात, ती आग गावाचा बराचसा भाग घेऊन गेली. हॉटेल राहिलं, हायस्कूलची इमारत राहिली, कोर्टहाउस राहिलं. आता गावात दोन-अडीचशे माणसं आहेत, रस्ते मात्र वीस हजारांसाठी आखलेले, त्यामुळे घर, मग चार रिकामे प्लॉट, मग जुनी भिंत, मग परत एखादं घर असं दिसतं. लोक याला घोस्ट टाउन म्हणतात आणि फोटो काढून जातात, मला ते अजिबात आवडत नाही. अहो, तिथं माणसं राहतात, शाळेची बस जाते, काउंटीचा सगळा कारभार तिथून चालतो.

आणि काउंटी राज्याच्याही आधीची आहे. नेवाडा राज्य झालं १८६४ ला, एस्मेराल्डा काउंटी १८६१ ला. तिचं पहिलं मुख्यालय ऑरोरा, ज्याच्याबद्दल सुरुवातीला कोणाला खात्रीच नव्हती की ते कॅलिफोर्नियात आहे की नेवाडात, म्हणून कॅलिफोर्नियाच्या मोनो काउंटीचं मुख्यालयही तेच गाव होतं. १८६३ मध्ये सर्व्हे झाला आणि ऑरोरा नेवाडात निघालं. पुढे १८८३ ला मुख्यालय हॉथॉर्नला गेलं, १९०७ ला गोल्डफील्डला. मग १९११ ला वरचा भाग तोडून मिनरल काउंटी केली. म्हणजे आज मी जिथून गाडीने येते ते हॉथॉर्नसुद्धा एकेकाळी याच काउंटीचं होतं. टायटल, म्हणजे जमिनीच्या मालकीची साखळी, बघताना हे माहीत असावं लागतं.

कोर्टहाउस दगडी आहे, बूमच्या काळातलं, अजून तेच वापरात आहे. रेकॉर्डरचं ऑफिस म्हणजे आपल्याकडच्या तलाठ्याच्या सातबाऱ्याचं काम, पण फरक असा की इथं सातबाऱ्यासारखा एका जमिनीचा एक उतारा नसतो. देणाऱ्याच्या नावाने एक इंडेक्स आणि घेणाऱ्याच्या नावाने एक, त्यात नाव शोधायचं, बुक आणि पान नंबर घ्यायचा, दस्त वाचायचा, त्यातून मागचं नाव मिळतं, परत इंडेक्स. असं मागे मागे जात राहायचं. अलीकडचं बरंचसं कॉम्प्युटरवर आहे पण बूमच्या काळातली रजिस्टरं हाताने लिहिलेली, एवढी जड की दोन हातांनी उचलायची, आणि अक्षर मात्र काय सुंदर. सोन्याच्या आशेने आलेल्या माणसांनी क्लेमला बायकांची नावं दिलीत, मायदेशातल्या गावांची नावं दिलीत, एकाच डोंगरावर वेगवेगळ्या नावांचे क्लेम एकमेकांवर चढलेले. माझ्या मते इथलं खरं शिक्षण या खोलीत होतं. बाहेर बघितलं तर मैलोन्‌मैल कोणी नाही, आणि आत टेबलावर त्याच मैलांचे शंभर वर्षांचे दावे, भांडणं, विक्री, वारस, लिलाव. लोक कमी म्हणजे जमीन मोकळी असं जे बाहेरचे गुंतवणूकदार धरून चालतात, त्यांना मी सांगते की आधी एक दिवस या रजिस्टरांसोबत काढा.

ऑफिसातल्या बाई मला आता ओळखतात. रेकॉर्डर आणि ऑडिटर हे पद इथं एकच, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या ऑफिसकडेच काउंटीचा हिशोबही. एवढ्या कमी लोकांत असंच चालणार, एकेका माणसाच्या अंगावर दोन-दोन तीन-तीन कामं. पण काम नीट होतं, दस्तातला मार्जिन कमी पडला तर परत देतात आणि का परत दिला तेही शांतपणे समजावून सांगतात. २०२२ च्या जूनमध्ये इथं प्रायमरी निवडणुकीवरून वाद झाला, काही रहिवाशांना मशीनवर विश्वास नव्हता, तेव्हा काउंटीने सगळी ३१७ मतं हाताने मोजली, सात तासांच्या वर लागले, आणि राज्यात सगळ्यात शेवटी निकाल प्रमाणित झाला. बाहेरच्या पेपरांनी त्याची टिंगल केली. मशीनबद्दलचा संशय मला पटत नाही, पण मतदारांनी समोर येऊन शंका विचारली आणि काउंटीच्या लोकांनी रात्री बसून एकेक कागद उघडून दाखवला, यात टिंगल करण्यासारखं काय आहे?

कागद तपासून झाले की फील्ड. लोड क्लेम, म्हणजे खडकात असलेल्या खनिजासाठीचा क्लेम, जास्तीत जास्त १५०० फूट लांब आणि ६०० फूट रुंद, वीस एकरांच्या थोडा वर. चार कोपऱ्यांना खुंट आणि आत एक लोकेशनचा खुंट, त्याला नोटीस लावायची, त्यात क्लेमचं नाव, कोणाच्या नावाने, तारीख, दिशा, मापं. जीपीएसमध्ये आधीच पॉइंट टाकलेले असतात, साइड-बाय-साइड, म्हणजे खडबडीत रानात चालणाऱ्या छोट्या उघड्या गाडीत, लाकडी खुंटांचे गठ्ठे भरायचे आणि निघायचं. ऐकायला सोपं आहे पण क्लेटन व्हॅलीच्या तळाशी पाऊस पडून गेला असेल तर वरून कोरडी दिसणारी माती गाडी गिळते, आणि डोंगराच्या बाजूला जुन्या खाणींची उघडी तोंडं. काही ठिकाणी काटेरी तार लावून बोर्ड आहेत, सगळीकडे नाहीत. नवीन मुलांना मी सांगून ठेवते की कुठल्याही बोगद्यात डोकावायचं नाही, आतली हवा खराब असते, लाकूड कुजलेलं असतं, आणि तुम्हाला काढायला येणारी टीम कित्येक तास लांब आहे.

आमच्यासोबत येणारे स्टेकर म्हणजे सत्तरीच्या आसपासचे आजोबा, आयुष्यभर याच काउंटीत खुंट रोवत आलेत. पक्ष्यांचं मला त्यांच्याकडून कळलं. पूर्वी क्लेमसाठी लोक पांढरे पीव्हीसी पाइप वापरायचे, स्वस्त, हलके, लांबून दिसायचे. वरून तोंड उघडं. ढोलीत घरटं करणारे पक्षी, माउंटन ब्लूबर्ड, फ्लायकॅचर वगैरे, ढोली समजून आत उतरतात आणि आतली बाजू गुळगुळीत, पंख पसरायला जागा नाही, वर येताच येत नाही. भुकेने तहानेने मरतात. नेवाडात असे पोकळ पाइप १९९३ पासून बंद केले, आणि २०११ च्या नोव्हेंबरपासून कायदा असा आहे की असा उघडा पाइप दिसला तर कोणीही उपटून तिथंच आडवा ठेवू शकतो. आजोबांनी एक पाइप उपटून जमिनीवर आपटला तर आतून पिसं आणि हाडांचा चुरा पडला, एका पक्ष्याचा नव्हता. त्यानंतर मी जिथं दिसेल तिथं पाइप उपटते, काम थांबवून उपटते, क्लायंट सोबत असला तर त्यालाही उपटायला लावते.

क्लेटन व्हॅलीतच सिल्व्हर पीक आहे. १९६६ पासून तिथं लिथियम निघतंय, सध्या अल्बेमार्ल कंपनी चालवते, आणि कितीतरी वर्षं अख्ख्या अमेरिकेत लिथियम काढणारी ही एकच जागा होती. जमिनीखालचं खारट पाणी विहिरींनी वर काढायचं, उथळ तळ्यांमध्ये सोडायचं आणि उन्हाला काम करू द्यायचं, दीड-दोन वर्षं एका तळ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, लिथियम दाट होईपर्यंत. वाळवंटाच्या मधोमध ते निळे-हिरवे चौकोन बघितले की जिऑलॉजिस्ट म्हणून मला आनंद होतो हे मी लपवत नाही. बॅटऱ्या लागणार आहेत, लिथियम कुठून तरी यायचंच आहे.

पण त्याच सिल्व्हर पीक रेंजमध्ये ऱ्हायोलाइट रिज आहे, तिथं टीएम्स बकव्हीट नावाचं एक छोटं पिवळ्या फुलांचं झुडूप उगवतं. पूर्ण जगात फक्त तिथं, सगळं मिळून दहा एकर जागेत, १९८३ मध्ये पहिल्यांदा गोळा केलेलं. आणि ते उगवतं नेमकं त्याच मातीत जिच्यात लिथियम आणि बोरॉन आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ते धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेलं आणि २०२४ मध्ये आयोनीर कंपनीच्या खाणीला बीएलएमची मंजुरीही मिळाली. खाण नको असं मी म्हणणार नाही, पण ज्या झाडाला दुसरी जागाच नाही त्याच्यासाठी कुंपणापेक्षा जास्त काहीतरी ठेवा असं मला मनापासून वाटतं, आणि हे मी आमच्या मीटिंगमध्येही बोलते.

दुसरी गोष्ट पाण्याची. पश्चिमेला फिश लेक व्हॅली, तिथं डायर, अल्फाल्फा म्हणजे गुरांच्या चाऱ्याची हिरवीगार शेतं, वर व्हाइट माउंटन्स आणि बाउंड्री पीक, १३,१४७ फूट, नेवाडातलं सगळ्यात उंच शिखर. डायरहून गोल्डफील्डला यायचं म्हणजे दीड तासाच्या वर ड्रायव्हिंग, म्हणजे स्वतःच्याच काउंटीच्या ऑफिसला यायला अर्धा दिवस जातो. तिथल्या शेतकऱ्यांनी मला एकच गोष्ट विचारली, पाणी किती उपसणार? क्लेमचा खुंट म्हणजे पाण्याचा हक्क नाही, तो राज्याकडे वेगळा मागावा लागतो, हे मी त्यांना नीट सांगितलं. तरी त्यांची काळजी रास्त आहे. पाऊस जेमतेम, एकदा भूजल खाली गेलं की ७२९ माणसांसाठी कोण धावून येणार?

खुंट रोवून झाले की घड्याळ सुरू. नोटीस लावल्यापासून ९० दिवसांच्या आत लोकेशन सर्टिफिकेट आणि नकाशा गोल्डफील्डला रेकॉर्डरकडे नोंदवायचा, आणि त्याच ९० दिवसांत कॉपी आणि फी बीएलएमकडे. दोन्हीकडे. एक राहिलं तरी क्लेम धोक्यात. आमची पद्धत अशी की काउंटीचं काम टपालाने न करता स्वतः जाऊन करायचं, काउंटरवर कागद तपासून घ्यायचे, काही कमी असेल तर तिथंच दुरुस्त करायचं, शिक्का आणि डॉक्युमेंट नंबर हातात घेऊन मग रेनोची बीएलएम. नंतर दरवर्षी १ सप्टेंबरच्या आत प्रत्येक क्लेमला मेंटेनन्स फी, आधी १६५ डॉलर होती, २०२४ पासून २०० झाली, आणि १ नोव्हेंबरच्या आत काउंटीत क्लेम चालू ठेवायचा इरादा असल्याचा कागद. १ सप्टेंबरची फी चुकली तर क्लेम रद्द, दुसरं कोणीही येऊन त्याच जागी खुंट रोवू शकतं. दहा किंवा कमी क्लेम असलेल्या छोट्या माणसाला फी माफीचा अर्ज करता येतो, पण मग त्याला वर्षभरात काम करून दाखवावं लागतं.

लिथियमचा भाव २०२३ पासून जो कोसळला त्यानंतर आमच्या एका क्लायंटने काही क्लेम सोडून द्यायचं ठरवलं. कागदावर सोडणं सोपं, फी भरायची नाही एवढंच. पण खुंट कोण काढणार? बहुतेक कंपन्या काढत नाहीत, म्हणून तर जिकडेतिकडे जुने पाइप उभे आहेत. मी अडून बसले की खुंट काढायचा खर्च कामाच्या कोटेशनमध्येच धरायचा, सुरुवातीलाच, आणि आता आमच्या कंपनीच्या प्रत्येक कोटेशनमध्ये ती ओळ असते. गेल्या शरद ऋतूत आजोबा आणि मी तो ब्लॉक रिकामा केला, वाटेत दुसऱ्यांचे म्हणून जे उघडे पाइप सापडले ते आडवे केले, आणि सोडलेल्या क्लेमची यादी गोल्डफील्डच्या काउंटरवर देऊन आलो.